ताई, तुझ्या तेलाने माझे केस आले नव्हते

प्रिय ताई,

गेल्या रविवारी मी तुझी चहाडी केली. आईकडे केली, आणि तीही तुझ्या ऊर्वीसमोर. अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगून टाकली. तू असतीस तर आधी तुला विचारलं असतं. आता तू गेल्याला दीड वर्ष झालं, कुणाला विचारू? म्हणून हे पत्र. ज्याची चहाडी केली त्याला निदान कळवावं ना!

पण त्याआधी दुसरं एक कबूल करायचं आहे. ते जास्त वाईट आहे.

ऊर्वीला चाई पडली आहे.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी शाळेसाठी तिच्या दोन वेण्या घालत होते. तिचे केस तुझ्यासारखेच, माझ्या एका मुठीत मावत नाहीत. मागचा भांग पाडायला कंगवा मानेकडून वर नेला आणि एका ठिकाणी कंगव्याला काही अडलंच नाही. केस बाजूला केले तर जुन्या रुपयाएवढी गोल जागा, पायरी आंब्याच्या सालीसारखी गुळगुळीत. खाज नाही, लाली नाही, कोंडा नाही. मला कुणी सांगायची गरज नव्हती. चौदाव्या वर्षापासून मी ती जागा ओळखते.

आणि ताई, मला आनंद झाला.

आधी मी ‘क्षणभर बरं वाटलं’ असं लिहिलं होतं. मग खोडलं. तूच शिकवलंस ना, लिहून झालं की पुन्हा वाचायचं आणि खोटं दिसलं तर खोडायचं? तर खोडलं. आनंदच होता तो.

का, ते सांगते. ती पोर सगळीच्या सगळी तुझी आहे. नाक तुझं, चाल तुझी, कैरी खाताना एक डोळा मिटायचा तोही तुझाच. भावोजी बोटीवर, सहा-सहा महिने येत नाहीत. तिला न्हाऊ घालते मी, अभ्यास घेते मी, ताप आला तर कपाळावर घड्या ठेवते मी. आणि येणारं-जाणारं प्रत्येक माणूस दारातूनच ओरडतं, “अगदी शुभा गो! शुभाच बसलीय जशी!” हिने मावशीचं काही उचललंय असं एकदाही कुणी म्हटलं नाही. त्या सकाळी पहिल्यांदा तिच्या डोक्यावर मला माझं काहीतरी दिसलं.

कुठली मावशी असा विचार करते? मलाच माझी भीती वाटली. मग लगेच दुसरी भीती आली. आम्ही दोघी एकच कंगवा वापरतो. मीच तर दिली नसेल? तो कंगवा मी उकळत्या पाण्यात टाकला, वाकडा झाला, मग फेकून दिला. त्या दिवशी कामावर, लॅबमध्ये, एका रिपोर्टवरचं नाव मी सात वेळा तपासलं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “अगो सायली, ते नाव आता तुला बघून कंटाळलं.”

तुझा हेवा मी किती केला, तुला कधी कळलं का? कळलं असणार. तू मुद्दाम दुर्लक्ष करायचीस असं मला वाटतं, आणि त्याचाही मला राग येतो.

आठवतं, तू ओट्यावर बसून केस सुकवायचीस? पाठीवरून खाली येऊन ते जमिनीला टेकायचे. आई मासळीची पाटी विकून आली की हात धुवायची, दोनदा धुवायची, वास जावा म्हणून लिंबू चोळायची, आणि मग तुझ्यामागे बसायची. तुला अर्धा तास. मला पाच मिनिटं, आणि तीही “डोकं हलवू नको गो” म्हणत. तुला बघायला आले तेव्हा तुझ्या सासूबाईंनी तुला विचारलं काय? काहीच नाही! “जरा वळ बघू बाय,” म्हणाल्या, अंबाडा बघितला आणि भावोजींना म्हणाल्या, “झालं हो आपलं काम.” मी दाराआड उभी होते. डोक्याला रुमाल बांधून.

माझं असं काही होणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. गेल्या वर्षी पावसचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, खरंच चांगला. आईने पायाला चिमटा काढला तरी मी सांगितलं की मला चाई पडते, येते आणि जाते, पुन्हा येऊ शकते. ते लोक चहा अर्धा ठेवून गेले. आई आठवडाभर बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, “शुभा असती तर निभावून नेलं असतं.” मेल्यावरसुद्धा तूच!

पण हेव्याचा हा असा राग जिच्यावर काढायचा, तिनेच मला अक्षर शिकवलेलं. हे काय करावं? शाळा घाटीपलीकडे, मला दर पावसाळ्यात धाप लागायची, म्हणून दोन वर्षं माझी शाळा म्हणजे तू. कामावर जाण्याआधी सारवलेल्या अंगणात काजूच्या बिया मांडून तू ‘ग’ काढायचीस, आणि संध्याकाळी येईपर्यंत मी त्यावर बिया लावून लावून ‘ग’ गिरवायचे. थेट दुसरीत बसले तेव्हा गुरुजींनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, ताईने. त्यांनी विचारलं, ताई मास्तरीण आहे? मी म्हटलं, नाही, काजू फोडते.

आता तेलाची गोष्ट.

मी चौदाची होते, नववीत. डोक्यावर तीन चाया पडल्या, दोन मागे आणि एक डाव्या कानामागे. आईने गुंज उगाळून लावली, कांद्याचा रस चोळला, एकदा दृष्ट काढली. वर्गातल्या पोरी माझ्या बाकावर बसेनात. कुणाच्या तरी आईने सांगितलं होतं, उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं, एकीचं दुसरीला लागणार. मी शाळेत जायचं बंद केलं. तू कामावरून यायचीस, मला कपाटामागून ओढून काढायचीस आणि म्हणायचीस, “असली कसली गो घाबरट! केसच गेलेत ना, डोकं आहे ना?” ज्याचे केस जमिनीला टेकतात त्याला हे बोलणं सोपं आहे, असं मी मनात म्हणायचे.

मग एक दिवस तू बाटली आणलीस. काजूच्या टरफलाचं तेल, काळं, दाट, नाकाला झोंबणारं. आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं की त्याने कातडी उतते, फोड येतात. पण तुझ्या काजूच्या युनिटमधल्या एका म्हाताऱ्या बाईने तुला पटवलं होतं. टाचेच्या भेगांना लावलं की जुनी कातडी जाऊन नवी येते ना? मग चाईची कातडीही नवी येईल, आणि नव्या कातडीतून नवे केस. तुला ते पटलं. मलाही पटलं. तू सांगितलंस म्हणजे झालंच!

मागच्या दोन जागा मी लावू दिल्या नाहीत, तिथे आईच्या गुंजेने आधीच आग होत होती. कानामागची एक जागा दिली. तू कापसाच्या बोळ्याने लावलंस आणि वरून गाणं म्हणत बसलीस. सकाळी उशीला केस चिकटले होते. फोड, पाणी, कान सुजलेला. मी ओरडले नाही, कारण तू माझ्याकडे बघून आधीच रडायला लागली होतीस.

“आईला सांगू नकोस सायले. नाय ना सांगणार? ती मला घरात नाय घेणार.”

नाही सांगितलं. गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं, आणि आईने चुना लावला. तो वेगळाच भोग!

पुढचं तुला माहीत आहे. महिन्या-दोन महिन्यांत मागच्या दोन्ही जागी भुरे, कापसासारखे केस आले, मग काळे झाले. आईने विचारलं, कशाने आले गो? मी काही बोलायच्या आत आईनेच ठरवलं, शुभाने तेल आणलं होतं ना, त्यानेच. तिने बाटली बघितली होती, लावलं कुठे ते नाही. आणि तू गप्प बसलीस. ताई, तू गप्प बसलीस! मी तुझ्याकडे बघत होते. तू खाली बघून तांदूळ निवडत होतीस. त्या दिवसापासून घरात, वाडीत, तुझ्या सासरी, सगळीकडे तेच. शुभाच्या हाताला गुण आहे. शुभाने बहिणीचे केस आणले.

आणि कानामागची ती जागा, जिथे खरंच तुझं तेल लागलं होतं, ती तशीच राहिली. तू लग्न होऊन जाईपर्यंत रोज माझी वेणी तू घालायचीस. लोक म्हणायचे, बहिणीचा काय जीव! जीव होता ना? की कुणाला ती जागा दिसू नये म्हणून? हे तुला विचारायचं राहून गेलं. मी कितीदा ठरवलं आणि कितीदा तुझ्यासमोर आल्यावर वळून चहा टाकायला गेले.

तीन वर्षांपूर्वी मला पुन्हा चाई पडली, तेव्हा मी रत्नागिरीतल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तुला सांगितलं नव्हतं. त्यांनी भिंग लावून सगळं डोकं बघितलं आणि म्हणाल्या, “ही नवी जागा भरून येईल असं वाटतं. पण कानामागची चाई नाही आता. ही भाजल्याची खूण आहे. चाईत मूळ जिवंत असतं, इथे मूळच राहिलेलं नाही. काय लावलं होतं?” मी म्हटलं, आठवत नाही. मी, जी नाव सात वेळा तपासते, ती डॉक्टरांशी खोटं बोलले. तुझ्यासाठी. बाहेर येऊन बसस्टँडवर बसले आणि मला तुझा इतका राग आला की पावसची एसटी सुटली तरी कळलं नाही.

आणि मग तू चार दिवसांच्या तापात गेलीस. लावणीचे दिवस, चिखलात काम, लेप्टो. भांडायला काही ठेवलंच नाहीस.

तू सवाष्ण गेलीस म्हणून तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. आईला उठवत नव्हतं. बायका म्हणाल्या, “सायली, केस तू विंचर.” मी विंचरले. एक गाठ नव्हती, ताई. अबोलीची वेणी माळली. मागून कोणीतरी म्हणालं, “काय गो हे केस, देवाने बघवलं नाय.” आणि तुझं थंड डोकं माझ्या मांडीवर असताना मी मनात म्हटलं, हिला आता काय उपयोग? मला तरी द्यायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तर हे सगळं घेऊन मी ऊर्वीला त्याच डॉक्टरांकडे नेलं. एसटीत ती खिडकीशी बसली, मी तिच्या डोक्यावरची ओढणी दहा वेळा सारखी केली. डॉक्टरांनी तिचं डोकं बघितलं, नखं बघितली, नखांवर बारीक खड्डे आहेत का ते बघतात. मग विचारलं, “घरात कुणाला आहे?”

“मला,” मी म्हटलं. “माझ्यामुळे झालं का? आम्ही एकच कंगवा वापरायचो.”

“कंगव्याने नाही होत. उशीने नाही, तेलाने नाही, शाम्पू बदलल्याने नाही. लागत नाही ते. एकेका घरात तसा कल असतो, पण म्हणून कुणी कुणाला दिलं असं होत नाही.”

ऊर्वीने विचारलं, “मग केस कुठे गेले?”

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. “तुमच्याकडे कुत्रा आहे?”

“काळू.”

“तो चोरावर भुंकतो ना? कधी घरच्याच माणसावर भुंकतो का?”

“मावशीवर भुंकतो. ती रेनकोट घालून आली की.”

“तसंच. शरीरात राखण करणारे असतात. त्यांना तुझ्या केसांची मुळं ओळखू आली नाहीत. त्यांना वाटलं कोणी परकं आलं. म्हणून ते केसांना बाहेर काढतात. पण मूळ मेलेलं नाही, ते आत दडून बसलंय.”

“मग मावशीने रेनकोट काढला की काळू शेपटी हलवतो.”

“बरोबर! आपण मलम लावायचं, म्हणजे राखणदार जरा शांत होतात. आणि वाट बघायची.”

मग मला म्हणाल्या, मलम पातळ, फक्त जागेवर, सांगितलं तेवढेच दिवस. मोठ्यांना देतात ती इंजेक्शनं हिला आत्ता नको. रक्त तपासून घ्या, थायरॉईडचं काही नाही ना ते बघू. केस आपोआपही येतील, आधी पांढरे येतील, दुसरीकडे नवी जागाही पडेल. “येतीलच असं मी सांगणार नाही. तुम्हाला तर ठाऊकच आहे.” निघताना ऊर्वीने विचारलं, “माझी आई मेली म्हणून झालं?” डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले. “काळजीने कधीकधी निमित्त होतं, बाळा. पण आईची आठवण काढल्याने केस जात नाहीत. हवी तेवढी काढ.”

मला वाटलं, झालं. आता मलम, वाट, आणि शाळेत एक चिठ्ठी. रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आत आले तर आईने पाटावर ऊर्वीला बसवलं होतं, तिची वेणी सोडली होती, आणि बाजूला एक काळी बाटली.

“हे काय गो आई?”

“शुभाचं औषध. युनिटातून मागून आणलंय. बाया देत नव्हत्या, शुभाच्या पोरीसाठी म्हटल्यावर दिलं.”

“डॉक्टरांनी मलम दिलंय.”

“दिलंय ना? तेही लाव. मी कुठे नाय म्हणते? पण तुझे कशाने आले सांग. तेव्हा तुझे डॉक्टर कुठे होते? शुभाने आणले तुझे केस.”

“आई, त्याने उततं!”

“थोडं उतणारच. त्याशिवाय नवं येतं काय?”

आणि ऊर्वी! तुझी लेक काय म्हणाली माहीत आहे? “मला आईचंच लावा. मावशीच्या मलमाला वास पण नाय.” मान खाली घालून, केस पुढे घेऊन, तयार बसली होती. आईच्या हातात कापसाचा बोळा.

मी बोळा ओढून घेतला आणि स्वतःच्या डोक्याची क्लिप काढली. कानामागचे केस वर धरले आणि वाकून आईसमोर डोकं नेलं. “हे बघ. ह्यावर लावलं होतं तिने. बाकी दोन जागांना तिचं तेल लागलंच नव्हतं, त्या आपल्या आपण भरल्या. जिथे लावलं तिथे अकरा वर्षांत एक केस आलेला नाही. जळलंय ते आई. गांधीलमाशी नव्हती ती.”

आईने चष्मा लावला. तिचं बोट त्या जागेवरून फिरलं. मग म्हणाली, “शुभाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि मी सगळ्यांना सांगत होते तेव्हा?”

“तेव्हाही.”

आई मागे सरकून भिंतीला टेकली. ताई, मी ऊर्वीचं डोकं वाचवलं हे खरं आहे. पण मी सगळं लिहिणार म्हटलं आहे. ‘तेव्हाही’ म्हणताना माझा आवाज चढला होता. तेवढं सांगायची गरज नव्हती. बोळा माझ्या हातात आला होता, पोर सुटली होती. ते तुझ्यासाठी होतं, अकरा वर्षांच्या गुणाच्या हातासाठी, ओट्यावरच्या अर्ध्या तासासाठी. आईच्या चेहऱ्यावरून तू जराशी खाली उतरलीस ते मी बघितलं. आणि बघत राहिले.

मग ऊर्वी उठली. मला खाली बसवलं, स्वतःच माझे केस वर केले आणि ती जागा बघितली. बराच वेळ. तिचा श्वास मानेला लागत होता.

“आईला कळलं नाय, दुखेल म्हणून?”

इथे मला गप्प बसता आलं असतं. ‘नाही गो, नाही कळलं’ म्हणून सोडून देता आलं असतं. तू मला शिकवलंस तसं मी मनातल्या मनात पुन्हा मागे जाऊन वाचलं, आणि गाळलेली एक गोष्ट मला दिसली. वर या पत्रातही मी ती गाळलीच आहे. तेव्हा तिला सांगितली, आता तुला सांगते, जरी ती तुझीच आहे.

माझ्या कानामागे लावायच्या आदल्या दिवशी तू ते तेल स्वतःला लावून बघितलं होतंस. तळहातावर, चांगलं चोळून. मी बघत होते. दिवसभर तो हात धुतला नाहीस, संध्याकाळी मला दाखवलास, “बघ, काही नाय झालं. तुला कसं काही होऊ देईन?” आणि झालं नव्हतंच काही. नऊ वर्षं काजू फोडून तुझ्या तळहाताची कातडी चामड्यासारखी झाली होती, काळी, ठसेसुद्धा उरले नव्हते. त्या हाताला निखारा कळला नसता. तुला वाटलं तुझी कातडी म्हणजे माझी कातडी. एवढीच तुझी चूक.

हे मी ऊर्वीला सांगितलं. सांगताना मला नको होतं, खरंच नको होतं. कारण मला माहीत होतं पुढे काय होणार. तिचे डोळे कसे झाले! “म्हणजे आईने आधी स्वतःला लावलं?” आणि आई, जी भिंतीला टेकून बसली होती, तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “माझी वेडी बाय ती.” झालं. दोन मिनिटांत तू परत वर, होतीस त्याहून वर. मी भाजलेली, आणि रडणं तुझ्यासाठी! ताई, तुझ्याशी मी जिंकणार तरी कशी?

तेलाची बाटली आईने फेकली नाही. तिला फेकवत नाही काही. संध्याकाळी विटाळ असल्यासारखी दोन बोटांत धरून मागे गेली आणि गोठ्याच्या खांबांना चोपडलं. “वाळवीला तरी लागू दे,” म्हणाली. रात्री जेवताना माझ्या पानात भाताबरोबर बांगड्याचा मधला तुकडा पडला. तो नेहमी ऊर्वीचा असतो.

शाळेत मी जाऊन बाईंना सगळं सांगितलं, लागत नाही हे दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन वेण्यांची सक्ती नाही, एक खाली बांधा. ऊर्वीची मात्र वेगळीच तऱ्हा. परवा समजलं की ती मधल्या सुट्टीत चाई दाखवते. एका आवळ्याला एकदा बघायचं, दोन आवळ्यांना हात लावायचा. मी तिला रागावले, मग आत जाऊन हसले. माझ्या वर्गात मला हे सुचलं असतं तर! हे धारिष्ट तिने तुझं घेतलं. बघ, परत हेवा.

काल दुसरी जागा दिसली, टाळूच्या जरा बाजूला. पहिलीवर अजून काही नाही. मी रोज उजेडात धरून बघते. कधी वाटतं एक भुरा केस आहे, कधी वाटतं माझ्याच बोटाचा आहे. ऊर्वी म्हणते, “मावशी, तू बघतेस म्हणून लाजून येत नसतील.” सगळेच गेले तर? हे तिला अजून विचारलेलं नाही, तिनेही मला नाही. पण त्याचीही तयारी मी करते आहे. यावेळी नवी जागा दिसली तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं, ताई. खरंच सांगते, त्या सकाळचा आनंद आता नाही. गेला. तो गेला हे तुला कळावं असं मला वाटलं.

तुझा हेवा करणं सोडेन असं वचन मी देत नाही. खोटं ठरेल. तुझा हेवा मी बहुतेक म्हातारी होईपर्यंत करेन. पण ऊर्वी विचारेल तेव्हा तेव्हा मी तिला तुझी गोष्ट पूर्ण सांगेन, मला झोंबणारा अर्धा भागसुद्धा, आणि आधी तोच. तिच्या डोक्यावर केस येवोत, न येवोत, तुझ्या-माझ्यातलं काहीही तिच्या डोक्यावर येऊ देणार नाही. एवढं मी पुन्हा वाचून बघितलं आहे. हे खोडावं लागत नाही.

तुझी,
सायली